पटावरचे रोगी आणि पटाबाहेरचे

आम्ही डॉक्टर नव्हे. कामगार मोजण्यात आमचे आयुष्य गेले. कायमच्या पटावरची नावे मोजून गिरणीत राबणारे हात कळत नसत. बदलीवाले बाहेरच राहत. सीलियाक रोगाचे तसेच आहे. गहू, जव यांतील ग्लूटेनमुळे काहींचे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. खाल्लेले अंगी लागत नाही.

इस्पितळात निदान झालेलेच मोजले, तर हा रोग विरळा वाटतो. पण दिल्ली परिसरात दारोदार विचारपूस करून व रक्त तपासून केलेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली; तीत ९६ माणसांमागे एक रोगी निघाला! दक्षिण भारतात मात्र, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, प्रमाण फारच कमी. आनुवंशिक कल दोहींकडे जवळपास सारखाच. पण दक्षिणेच्या ताटात गहू थोडा.

मग उत्तरेतले रोगी दिसत का नाहीत? कोणाला जुनाट जुलाब, कोणाला नुसता रक्तक्षय. मूल खुरटते, नि घरचे लोहाच्या गोळ्या देत राहतात. उपाय एकच: जन्मभर ग्लूटेन वर्ज्य. ज्वारी, बाजरी, तांदूळ चालतात. मात्र तपासणीआधी गहू सोडू नये. रोगाची खूण पुसट होते, आणि रोगी पुन्हा पटाबाहेरच राहतो.