तापलेल्या रांगेचा हिशेब
सौर प्रकल्पावर थर्मल ड्रोन भल्या सकाळी उडवत नाहीत. प्लेटांवर दर चौरस मीटरला निदान 600 वॉट ऊन पडायला हवं, ही आयईसी 62446-3 या मानकातली अट. त्याहून कमी उन्हात दोष पुरेसे तापत नाहीत, मग कॅमेऱ्याला दिसणार काय? म्हणून सोलापूरकडच्या एका माळावर आम्ही चहा पीत बसलो होतो. सोलापुरात उन्हाची वाट बघायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

ड्रोन वर गेला आणि पडद्यावर जांभळ्या रांगा सरकू लागल्या. मध्येच एखादा पिवळा ठिपका चमकला की आमच्यासारख्या बघ्यांचा लगेच 'हॉटस्पॉट, हॉटस्पॉट' असा गलका. पायलट ढिम्म. त्यातले कितीतरी ठिपके पक्ष्यांच्या शिटेचे, पाण्याचा फवारा मारला की जाणारे. तो थांबला ते एका साध्या रांगेवर. ती झगमगत नव्हती. शेजारणींपेक्षा जेमतेम चार-पाच अंशांनी गरम, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच.

"ही स्ट्रिंग बंद आहे."

स्ट्रिंग म्हणजे एकामागोमाग एक जोडलेल्या प्लेटांची माळ. चालू प्लेट उन्हातला साधारण पाचवा हिस्सा वीज म्हणून बाहेर पाठवते. सर्किट तुटलं की तोही प्लेटमध्येच उष्णता होऊन राहतो. इलेक्ट्रिशियन अनेक स्ट्रिंग जिथे एकत्र येतात त्या कंबायनर बॉक्सपाशी गेला, क्लॅम्प मीटर लावला: शून्य. लोड चालू असताना डीसी फ्यूजचा होल्डर उघडला तर ठिणगी हात भाजून काढते, म्हणून आधी आयसोलेटर पाडला, मग फ्यूज काढला. उडालेला होता.

आता पैसे मोजू. या स्ट्रिंगमधल्या 540 वॉटच्या 28 प्लेटा म्हणजे 15 किलोवॉट. किलोवॉटमागे वर्षाला 1,600 युनिट धरले तर 24,000 युनिट, आणि तीन रुपये दराने 72,000 रुपये. फ्यूज काही शे रुपयांचा. कंट्रोल रूमला हे कळत कसं नाही? इथल्या बॉक्समध्ये 20 स्ट्रिंगची वीज एकत्रच मोजली जाते. एक गेली तर घट पाच टक्के, आणि तेवढी तर धुळीनेही होते.

उलट, बायपास डायोडमुळे एखाद्या प्लेटचा तिसरा भाग बंद पडून तापलेला दिसतो तेव्हा फोटो मोठा देखणा येतो. नुकसान मात्र 180 वॉटचं, म्हणजे वर्षाला साधारण 860 रुपये. नवी प्लेट हजारोंच्या घरात. वॉरंटीत मिळत असेल तर जरूर मागावी, नाहीतर निव्वळ उत्पादनासाठी बदलणं परवडत नाही. तडकलेला सेल शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी अंशांनी तापून मागचं आवरण करपवत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रश्न आगीचा असतो, युनिटांचा नव्हे.

ड्रोन-तपासणीचे अहवाल बहुधा तापमानाच्या क्रमाने लावलेले असतात: सर्वांत गरम आधी. माझ्या मते ते रुपयांच्या क्रमाने लावावेत, आगीचा धोका असलेल्या प्लेटा तेवढ्या वेगळ्या काढून. मालक मात्र विचारतात मेगावॉटमागचा उड्डाणाचा दर. त्या प्रकल्पाच्या ऑफिसात मागच्या तपासणीची फाईल होती, रंगीत, गुळगुळीत कागदावर. बंद स्ट्रिंगची यादी आतल्या पानांत कुठेतरी, आणि तिच्यापुढचा 'दुरुस्ती झाल्याची तारीख' हा रकाना बहुतेक ओळींत कोराच.