गाठोडे सोडताना

भंडारा जिल्ह्यातील मामा तलावांची यादी संगणकावर केली, तर प्रत्येक ओळीत 'भंडारा' येणारच. यूटीएफ-८ पद्धतीत हा शब्द १८ बाइट खातो. शंभर ओळींत १८००! मग तो दर वेळी लिहायचा कशाला? एकदा पूर्ण लिहावा, पुढे 'इतके बाइट मागे जा, १८ उचल' एवढीच खूण ठेवावी. लेंपेल व झिव यांची ही १९७७ सालची युक्ती आजच्या झिप फाइलींत असते. (छायाचित्रे मात्र फारशी आकसत नाहीत, ती आधीच दाबलेली असतात.)

फाइल सोडवताना संगणक खुणा वाचून मजकूर जसाच्या तसा उभा करतो आणि 'सीआरसी-३२' हा ताळा पाहतो. एक बिट बदलला तरी ताळा चुकतो. गंमत म्हणजे झिपची अनुक्रमणिका शेवटी असते. म्हणून अर्धवट उतरलेली फाइल सहसा उघडतच नाही.