फिलोजची हमी

३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना फडणीस दौलतराव शिंद्यांच्या छावणीत परतभेटीसाठी गेले आणि तेथेच कैद झाले. अठराव्या शतकाच्या अखेरच्या मराठी राजकारणात कैद, फितुरी आणि दगाबाजी यांची वाण नव्हती; तेव्हा एवढ्यावरून या दिवसाची निराळी नोंद करण्याचे कारण नाही. निराळेपण आहे ते हमीदाराचे. नानांनी छावणीतून सुखरूप परतावे, याची जबाबदारी ज्याने आपल्या शब्दावर घेतली होती, तो कोणी मराठा सरदार नव्हता, शास्त्री नव्हता की सावकारही नव्हता. तो नेपल्सचा रहिवासी आणि शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनानी मायकेल फिलोज होता. आणि नानांना पकडले तेही याच फिलोजने.

इटली नावाचे एकसंध राष्ट्र त्या काळी अस्तित्वात नव्हते. नेपल्सचे राज्य वेगळे, सार्डिनियाचे वेगळे, व्हेनिसचे वेगळे. अशा लहानमोठ्या राज्यांतून नशीब काढण्यासाठी बाहेर पडलेल्या माणसांना हिंदुस्थानात मागणी होती. फिलोज मायदेशी खेचरे हाकीत असे, असे या युरोपीय साहसवीरांची चरित्रे १८९२ साली प्रसिद्ध करणाऱ्या कॉम्प्टनने लिहून ठेवले आहे. त्याच्या लेखनात फिलोजविषयीचा तिटकारा लपत नाही, हे ध्यानात घेऊनच ते वाचावे लागते. एवढे खरे की, महादजी शिंद्यांच्या सैन्यात द बॉइन याने जी नवी फौज उभी केली तिच्यातून फिलोज वर आला आणि १७९२ मध्ये महादजी पुण्यास आले तेव्हा त्यांच्याबरोबर दक्षिणेत उतरला. १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस महादजींचा अंत झाला. तरुण दौलतरावांच्या पदरी फिलोजचे महत्त्व वाढत गेले आणि त्याच्या हाताखालील पलटणींची संख्या अकरापर्यंत पोहोचली.

या पलटणींचा पराक्रम इतिहासकारांनी पुष्कळ वर्णिला आहे. पाटण आणि मेडता येथे १७९० साली द बॉइनच्या कवायती पायदळाने राजपूत घोडदळाची जी दाणादाण उडवली, तिचे कौतुक व्हावे हे रास्तच आहे. परंतु या फौजेचा जमाखर्च फारसा कोणी उलगडून पाहत नाही. द बॉइनशी महादजींनी १७८४ मध्ये जो पहिला करार केला, तो प्रत्येकी साडेआठशे शिपायांच्या दोन पलटणींचा होता. त्याचे स्वतःचे वेतन महिना एक हजार रुपये आणि दर शिपायामागे आठ रुपये. द बॉइनने शिपायाला साडेपाच रुपये दिले आणि उरलेल्या अडीच रुपयांतून अधिकारी व सरंजाम यांची सोय लावली. सेनापती येथे एका अर्थाने मक्तेदार होता. धन्याकडून ठोक रक्कम घ्यायची, तीत फौज उभी करायची आणि ती टिकवायची. जुना मराठा शिलेदार सरंजामावर किंवा लुटीच्या वाट्यावर राहत असे, पावसाळ्यात घरी परतत असे आणि दोन वर्षे पगार न मिळाला तरी शेतावर तगून राही. कवायती शिपायाला बाराही महिने रोख पगार लागे. तो थकला की पलटण कूच करीत नसे, आणि कूच न करणारी पलटण ही शत्रूपेक्षा धन्यालाच अधिक भारी पडे.

द बॉइनने ही अडचण ओळखून दोआबातील सुपीक मुलूख आपल्या फौजेच्या खर्चासाठी तोडून घेतला होता व त्याचा वसूलही स्वतःच पाहत असे. तेथे पगार वेळेवर होई. पुण्याजवळ तळ देऊन बसलेल्या दौलतरावांच्या फौजेला असा आधार नव्हता. तिचा खर्च महिना वीस लाख रुपये होता, असे ग्रँट डफ सांगतो. गादी मिळवून देण्याच्या मोबदल्यात बाजीरावांनी दौलतरावांना दोन कोटी रुपये कबूल केले होते. दोन कोटी ऐकताना डोळे दिपतात. पण हिशेबाने ती अवघ्या दहा महिन्यांची बेगमी होते. आणि तीही बाजीरावांच्या खजिन्यात नव्हती.

हे बाजीराव गादीवर कसे आले, ती कथा जुन्नरात सुरू होते. रघुनाथरावांच्या पश्चात त्यांचे पुत्र बाजीराव व चिमाजी आप्पा, तसेच दत्तक पुत्र अमृतराव, यांना नानांनी नजरकैदेत ठेवले होते आणि १७९४ पासून त्यासाठी शिवनेरी किल्ल्याची निवड केली होती. शिवछत्रपतींच्या जन्मस्थानी पेशव्यांच्या घराण्यातील मुले कैदेत असावीत, हा काळाचा महिमा. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव वारले आणि वारसाचा प्रश्न उभा राहिला. बाजीराव शिंद्यांच्या कारभाऱ्यांशी संधान बांधीत आहेत असे दिसताच नानांनी चाल फिरवली आणि त्यांना स्वतःच गादीवर बसवण्याचे ठरवून परशुरामभाऊ पटवर्धनांना शिवनेरीस धाडले. किल्ल्यावरून खाली उतरण्यापूर्वी बाजीरावांनी भाऊंकडून शपथ मागितली. भाऊंनी गाईचे शेपूट हाती धरून, गोदावरीला स्मरून, दगा होणार नाही असे वचन दिले. बाजीराव पुण्यास आल्यावर त्यांनी आणि नानांनी मागील वैर विसरण्याच्या आणाभाका घेतल्या, एकमेकांना लेखी वचनेही दिली. पुढच्या काही महिन्यांतच परशुरामभाऊ शिंद्यांच्या कारभाऱ्यांच्या गोटात गेले, बाजीराव शिंद्यांच्या छावणीत अडकले, गादीवर चिमाजी आप्पा बसले आणि नाना महाडला पळाले. तेथून त्यांनी सारा डाव उलटवून १७९६ च्या डिसेंबरात बाजीरावांनाच पेशवाई मिळवून दिली, हे त्यांच्या बुद्धीचे अखेरचे मोठे यश होय.

हा सारा तपशील येथे देण्याचे कारण एवढेच की, फिलोजचा शब्द नानांना का पटला याचा उलगडा त्यातून होतो. गाईचे शेपूट, गोदावरी, लेखी करार, सर्व काही एका वर्षात मोडलेले त्यांनी पाहिले होते. आपल्या माणसांच्या शपथांना किंमत राहिली नव्हती. अशा वेळी परका माणूस विश्वासार्ह वाटू लागतो. त्याला पुण्यात भाऊबंदकी नाही, वतनाचा वाद नाही, गादीच्या कोणत्याही वारसाशी नाते नाही. शिवाय युरोपीय अधिकारी दिलेला शब्द पाळतात, असा त्या काळी लौकिक होता. शपथेच्या जागी तटस्थ जामीन घ्यावा, हा विचार मुत्सद्द्याला शोभणाराच होता.

चूक होती ती तटस्थतेच्या हिशेबात. जामीनदार ज्या दोन पक्षांमध्ये उभा राहतो त्यांपैकी एकाचा तो चाकर असेल आणि त्या चाकरीचा पैसा दुसऱ्या पक्षाच्या तिजोरीतूनच निघण्यासारखा असेल, तर त्याची हमी ही हमी राहत नाही. नानांच्या संपत्तीविषयी तेव्हा वाटेल त्या आख्यायिका पसरल्या होत्या. आंबेगाव तालुक्यातील घोडेगावावरून डोंगर चढून भीमाशंकराला जाणाऱ्या भाविकाला देवळाचे जे शिखर दिसते, ते नानांनी बांधविलेले. अशा बांधकामांनी त्या आख्यायिकांना खतपाणीच मिळत असणार. दौलतरावांना पैसा हवा होता. त्यांचे भावी श्वशुर, कागलचे सखाराम घाटगे, म्हणजेच सर्जेराव, यांनी पैशाची वाट दाखवली. फिलोजच्या पलटणींना पगार हवा होता. तिघांच्याही गरजा एकाच वाड्याकडे बोट दाखवीत होत्या. जन्मभर दौलतीचा फड सांभाळलेल्या माणसाने हा जमाखर्च कसा मांडला नाही, याचे राहून राहून नवल वाटते.

नाना छावणीत कैद झाले त्याच वेळी त्यांच्याबरोबरच्या लोकांची हत्यारे काढून घेण्यात आली. काही मारले गेले, बाकीचे पांगले. घाटग्यांचे शिपाई नानांचा व त्यांच्या पक्षाच्या लोकांचा वाडा न् वाडा लुटण्यासाठी शहरात घुसले. ती रात्र आणि दुसरा दिवस पुण्याच्या रस्त्यांतून गोळीबार चालू होता. नानांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. १७९८ च्या आरंभी घाटग्यांच्या कन्येशी, बायजाबाईंशी, दौलतरावांचा विवाह थाटाने पार पडला. खर्च आणखी वाढला. बाजीरावांनी कबूल केलेली रक्कम देता येईना, तेव्हा ती पुण्यातील सधन माणसांकडून काढून घेण्याची मोकळीक घाटग्यांना मिळाली. नानांचे नातलग गंगाधरपंत भानू यांना तापलेल्या तोफेला बांधले आणि त्यातच त्यांचा प्राण गेला. फौजेचा पगार असा भागत होता.

परकीय म्हणून फिलोज बेइमान निघाला, असा निष्कर्ष मात्र उतावळेपणाचा ठरेल. इब्राहिमखान गारदीही पगारी होता. त्याच्या पलटणींनाही रोख पैसा लागे आणि त्यावरून भाऊसाहेबांच्या छावणीत कुरबुरी होत. तरीही १७६१ साली पानिपतावर तो अखेरपर्यंत लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. उलट, १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांच्या वधाच्या दिवशी शनिवारवाड्यात शिरलेले गारदी थकलेल्या पगाराची ओरड करीतच शिरले होते. खुद्द परशुरामभाऊंनी शिवनेरीच्या पायथ्याशी घेतलेली शपथ कोणत्याही परकीयाने मोडलेली नव्हती. फिलोजने पाळला तो धन्याचा हुकूम आणि मोडला तो स्वतःचा शब्द. भाडोत्री सैनिकाच्या धंद्यात या दोहोंचा तंटा पडला तर पहिला जिंकतो, एवढेच त्याच्या वर्तनातून दिसते.

दौलतरावांना पैसा मिळाला तो अखेर नानांकडूनच, पण रीतसर. १७९८ च्या जुलैत दहा लाख रुपये घेऊन त्यांनी नानांना मोकळे केले. नाना सुटल्याचे कळताच सूडाच्या भीतीने फिलोजने पलटणी आपल्या मुलांवर सोपवल्या आणि तो इंग्रजांच्या मुंबईस पळून गेला. रणांगणावरील कोणत्याही विजयापेक्षा या एका दिवसामुळेच त्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात राहिले आहे.

मुलांच्या नशिबी निरनिराळे फेर आले. थोरला फिडेल १८०१ मध्ये होळकरांशी झालेल्या इंदूरच्या लढाईनंतर फितुरीच्या संशयावरून कैद झाला आणि कैदेत त्याने स्वतःचा गळा चिरून घेतला. बापाच्या कीर्तीमुळे मुलावरचा संशय अधिक सहज बसला असेल काय, असा प्रश्न येथे मनात येतो. धाकटा जाँ बातिस्त मात्र शिंदेशाहीत मुरला. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपताच शिंद्यांचे अनेक युरोपीय अधिकारी कंपनीकडे निघून गेले. पेराँने तर आपली संपत्ती सांभाळीत लॉर्ड लेकच्या स्वाधीन होणे पसंत केले. द बॉइन त्यापूर्वीच मायदेशी पोहोचला होता; त्याच्या शांबेरी गावात आजही चार हत्तींचे कारंजे त्याच्या नावाने उभे आहे. जाँ बातिस्त कोठेही गेला नाही. दौलतरावांनी १८०९ मध्ये श्योपूरचा मुलूख त्याला दिला. म्हणजे आधी तो जिंकून घेण्याची मुभा दिली. किल्ल्याला वेढा घालून, उपासमारीने तेथील राजाला शरण आणून त्याने आपला सरंजाम वसूल केला. पुढे १८१४ मध्ये तो राघोगडच्या जयसिंग खीचीवर स्वारी करीत असताना खीचीनेच श्योपूर घेतले आणि फिलोजचे सारे कुटुंब त्याच्या हाती सापडले. याच घराण्यातील सर मायकेल फिलोज याने १८७४ साली ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा बांधला. नेपल्सहून आलेले कुटुंब तिसऱ्या-चौथ्या पिढीत पुरते ग्वाल्हेरचे झाले होते.

सुटून आलेल्या नानांना बाजीरावांनी पुन्हा कारभार हाती घेण्याची गळ घातली. या वेळी नाना सावध होते. आपल्या जीविताची आणि वित्ताची हमी इंग्रज व निजाम या दोन सरकारांनी द्यावी, तरच कारभार पत्करू, असे त्यांनी कळवले. फिलोजच्या अनुभवानंतर एका माणसाच्या शब्दावरून दोन राज्यांच्या शब्दावर जाणे, ही हिशेबी माणसाची स्वाभाविक पायरी होती. तेव्हा बाजीराव एका रात्री खासगीपणे नानांच्या घरी गेले, त्यांच्या पायांवर डोके ठेवले, आपण त्यांना वडिलांच्या ठायी मानतो असे सांगितले आणि शपथा घेतल्या. नानांनी हमीचा आग्रह सोडला आणि १७९८ च्या ऑक्टोबरात कारभार स्वीकारला. थोड्याच दिवसांत त्यांना कळले की, त्यांना पुन्हा कैद करावे म्हणून बाजीरावांचे शिंद्यांशी बोलणे चालू आहे. त्यांनी विचारले, तेव्हा बाजीरावांनी साफ कानांवर हात ठेवले. १३ मार्च १८०० रोजी नाना पुण्यात वारले, तेव्हा कारभार त्यांच्याकडेच होता.