रोज मॉर्निंग वॉक होतो, तरी आजोबांना जिना का जड जातो?

13 मार्च 1995. अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी हास्यक्लब सुरू केला, तेव्हा जमले होते अवघे पाच जण. सुरुवातीला विनोद सांगून हसायचे. दोनेक आठवड्यांत विनोद संपले, काही तर टोचायलाही लागले. मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं आणि पुढे हे क्लब जगभर पसरले.

मुलुंड, बोरिवलीच्या बागांमध्ये आज सकाळी ज्येष्ठांचे असे ग्रुप दिसतात. एक दिवस दांडी मारली की ग्रुपवर विचारणा होते. माणसाला घराबाहेर काढायला ही दोस्ती डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षाही जास्त कामी येत असावी.

पण चालणं आणि हसणं, एवढ्यावर भागतं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 65 वर्षांवरच्या व्यक्तींनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. भरभर चालणं त्यात येतं. त्याच सूचनांमधली दुसरी गोष्ट मात्र अनेकदा राहून जाते: आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम.

वयानुसार स्नायू झिजतात, याला सार्कोपेनिया म्हणतात. सपाट ट्रॅकवरच्या फेऱ्यांनी हृदयाला फायदा होतो, पण ही झीज थांबवायला त्या पुरत नाहीत. मग घाटकोपर स्टेशनचा पूल चढताना कठडा धरावा लागतो, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. बाथरूममध्ये तोल जाऊन खुब्याचं हाड मोडलं, तर स्वतःच्या पायावर चालणंच अवघड होऊन बसतं.

यासाठी जिम लागत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठ-बस करणं, ओटा धरून टाचा वर-खाली करणं, इथून सुरुवात होते. बागेतला बाकही चालतो, गप्पा संपल्यावर!

दुसरा प्रश्न ताटातला. आयसीएमआर-एनआयएनच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन हवं. म्हणजे 60 किलो वजनाला साधारण 50 ग्रॅम. एका अंड्यातून मिळतं सुमारे 6 ग्रॅम. सकाळी चहा-खारी, दुपारी भात आणि पातळ वरण, रात्री ‘हलकं’ म्हणून दूध-पोळी, यातून 50 चा आकडा गाठणं कठीण. वरण घट्ट करा, रात्रीही वाटीभर उसळ किंवा दही घ्या, चालत असेल तर अंडी-मासे खा. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.