उणे 25 आणि आम्ही दोघं

हनिमूनला मनाली, अ‍ॅनिव्हर्सरीला लोणावळा, लाँग वीकएण्डला गोवा... या यादीचा कंटाळा आला असेल तर एक वेगळाच पत्ता देते. मंगोलिया! तोही फेब्रुवारीत. ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी आधी चंगीझ खानाबद्दल विचारलं आणि मग माझ्या तब्येतीबद्दल.

राहायचं मात्र हॉटेलात नाही, गेरमध्ये. बाहेरचं जग ज्याला युर्ट म्हणतं, तो लोकरीच्या जाड नमद्याचा गोल तंबू. मंगोल भाषेत ‘गेर’ म्हणजे घर. उच्चारसुद्धा किती जवळचा! (योगायोगच असावा, पण ऐकून बरं वाटतं.)

राजधानी उलानबाटरपासून साधारण 70 किलोमीटरवर गोर्खी-तेरेल्ज नॅशनल पार्क आहे. शहर सोडेपर्यंत नाकावरचा मफलर काढू नका. कडेच्या टेकड्यांवर गेरांच्या प्रचंड वस्त्या आहेत आणि घराघरातून कोळशाचा धूर निघत असतो. 2019मध्ये कच्चा कोळसा जाळायला बंदी आली, आता त्याच्या विटा जाळतात, पण हिवाळ्यातली हवा अजून वाईटच. आपण हौसेनं जिथे एक रात्र काढायला निघालोय, तिथेच कितीतरी कुटुंबं अख्खा हिवाळा काढतात, हे गाडीच्या काचेतून दिसत राहतं.

तेरेल्जमध्ये कासवाच्या आकाराचा एक अवाढव्य खडक आहे. तिथून आम्ही आर्यबाल मंदिराकडे चालायला लागलो. सगळं पांढरं, वर कडक निळं आकाश, आणि आवाज फक्त आमच्या बुटांचा. शेवटी 108 पायऱ्या. मंदिर म्हणजे हत्तीचं डोकं आणि पायऱ्या ही त्याची सोंड! दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांना ही चढण किरकोळ वाटेल, पण इथे दम काढते ती थंडी. श्वासाची वाफ पापण्यांवर गोठते. भरभर चाललात तर घाम येतो आणि थांबलात की तोच घाम हाडं गोठवतो. म्हणून हळू चालायचं आणि घाम फुटायच्या आत एक थर उतरवायचा. फोन आतल्या खिशात ठेवा. नवऱ्याचा बाहेरच्या खिशात होता, अर्ध्या वाटेत मेला.

गेरचं दार बुटकं, वाकूनच आत जायचं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. आत डावीकडून घड्याळाच्या दिशेनं फिरायचं, मधल्या दोन खांबांच्या मधून जायचं नाही आणि चुलीत कचरा टाकायचा नाही, कारण अग्नी पवित्र! आपल्या आजीला हे घर लगेच कळलं असतं. लाकडी जाळीच्या भिंती, वर गोल चक्र, त्यातून बाहेर गेलेलं चुलीचं धुराडं. गेर बांधण्याची ही कला 2013मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही गेली.

खरं तर आम्ही पुण्याहून एक विषय सोबत आणला होता आणि त्याला हात लावत नव्हतो. नवऱ्याला दोन वर्षांसाठी जर्मनीची ऑफर होती. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. घरी विषय निघाला की एक जण किचनमध्ये, दुसरा बाल्कनीत. गेरला किचन नाही, बाल्कनी नाही, अहो, कोपरासुद्धा नाही! आणि बाहेर उणे 25.

यजमानबाईंनी खुणेनं सांगितलं होतं, दर दोन तासांनी लाकडं घाला. आम्ही पाळ्या लावल्या. तीनच्या सुमाराला मला जाग आली ती नाक गार पडल्यामुळे. तो चुलीपुढे उकिडवा बसून फुंकर घालत होता.

“मी नाही येणार रे तिकडे,” मी म्हटलं.

“माहितीये. तू कधी म्हणतेस त्याची वाट बघत होतो.”

“पण तू जावंस.”

यावर तो काहीच बोलला नाही. एक ओंडका आत सरकवला, मग दुसरा. मग माझ्याच गोधडीत शिरला आणि आम्ही उजाडेपर्यंत बोलत बसलो. फ्लॅटचा हप्ता, मिरजेला त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, वर्षात किती तिकिटं परवडतील, रविवारी किती वाजता कॉल. रोमँटिक वगैरे काही नाही. दोनदा रडू आलं, एकदा मला, एकदा त्याला. एका वर्षाचा हिशोब जमला, दोन वर्षांचा काही जमेना. परतताना शहराजवळ माझ्या फोनला रेंज आली, तेव्हा त्यानं त्यावरूनच मेल टाकला : एक वर्षासाठी येतो, चालेल का?

जाणार असाल तर जानेवारी टाळा, ती थंडी आपल्याला झेपणारी नाही. फेब्रुवारीत जायचं तर आधी त्सागान सार म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या तारखा बघा. त्या दिवसांत जो तो आपापल्या घरी असतो. बंद जागेत चूल पेटती असणार, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म बॅगेत हवाच. शाकाहारी मंडळींनी ठेपले-मेतकूट भरून न्यावं, कारण तिथे जेवण म्हणजे मटण. आणि चहा मिठाचा असतो, दूध घातलेला. पहिल्या घोटाला तोंड वाकडं करू नका. तिसऱ्या वाटीला मी स्वतःहून हात पुढे केला होता.