पाळण्यांकडून पाण्याकडे

1989 साली गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडलं, तोवर मुंबईच्या मुलांना मोठ्या पाळण्यात बसायचं तर माहीमच्या उरुसाची किंवा वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेची वाट पाहावी लागे. पाळणे यायचे, आठ-दहा दिवस फिरायचे आणि ट्रकवर चढून पुढच्या गावाला जायचे. दिल्लीत 1984 पासून प्रगती मैदानावर अप्पूघर होतं, पण मुंबईला तसं कायमचं काही नव्हतं. सुभाष चंद्रा यांनी ते खाडीपलीकडे उभं केलं. त्यांचं झी टीव्ही सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती. तोवर त्यांची ओळख होती ती तांदळाच्या निर्यातीची आणि टूथपेस्टच्या ट्यूबांची.

जागा गैरसोयीची होती. बोरिवलीहून गोराई खाडीपर्यंत किंवा मालाडहून मार्व्यापर्यंत जायचं, तिथून बोट. धंद्याच्या हिशेबात ही अडचणच. पण मुलांना तो सहलीचा पहिला भाग वाटायचा, आणि दूरदर्शनवरच्या जाहिरातीच्या गाण्याने ते नाव घराघरांत पोहोचलं. शाळांच्या सहली, कंपन्यांच्या पिकनिक, गावाकडून आलेले पाहुणे असा गर्दीचा ओघ सुरू झाला.

त्या काळच्या पार्कचं गणित सरळ होतं: जास्त पाळणे, जास्त माणसं. ते फार काळ चाललं नाही. एक पाळणा तासाला ठरावीक माणसंच फिरवू शकतो. त्याची चाकं, पट्टे, ब्रेक रोज तपासावे लागतात, आणि दोनदा बसून झालेलं मूल तिसऱ्या वर्षी नवं काहीतरी मागतं. शिवाय घरातली निम्मी माणसं पाळण्यात बसतच नाहीत. आजी बाकावर पिशव्या सांभाळत बसते, आईला गरगरतं, धाकटा उंचीच्या पट्टीला पुरत नाही.

1998 मध्ये शेजारीच वॉटर किंगडम आलं आणि या सगळ्यावर एकदम उत्तर सापडलं. लाटांच्या तलावात एका वेळी शेकडो माणसं उतरतात. कोणाला रांग लावावी लागत नाही, आजी काठावर पाय बुडवून बसते, धाकट्याला गुडघाभर पाण्यात सोडता येतं. मे महिन्यात घामाने जीव नकोसा झालेल्या शहराला याहून काय हवं? पोहायचे कपडे भाड्याने, लॉकर भाड्याने, पाण्यातून बाहेर आल्यावर लागणारी भूक, हे उत्पन्नही तिकिटाला जोडून आलं. इथून पुढे या व्यवसायाची दिशा पाहुण्यांनीच ठरवली, असं मागे वळून पाहताना स्पष्ट दिसतं. मालकांना ते मान्य करायला मात्र वेळ लागला.

कारण मधे एक फार मोठं स्वप्न आलं. मनमोहन शेट्टी हा सिनेमाचा माणूस. अ‍ॅडलॅब्ज ही फिल्म प्रक्रियेची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली, ‘अर्धसत्य’च्या निर्मितीत भागीदार झाले, वडाळ्याला आयमॅक्सचा घुमट बांधला. 2013 च्या एप्रिलमध्ये त्यांनी खोपोलीजवळ, खोपोली-पाली रस्त्यावर, अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका सुरू केलं. सुमारे 1,600 कोटींचा खर्च. गोराईची बोट जाऊन इथे द्रुतगती मार्ग आला होता, आणि मुंबई-पुणे ही दोन्ही शहरं एका दिवसाच्या टप्प्यात होती.

इमॅजिकात पाळण्याला गोष्ट मिळाली. अलीबाबाच्या गुहेतून गाडी फिरते, सलीमगडात भुतं भेटतात, ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावरची राइड आहे. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या राजासॉरस या आपल्या डायनोसॉरवर एक जलसफर बेतली आहे. परदेशी टी-रेक्स उचलून आणणं सोपं असताना हे सुचलं, याचं मनापासून कौतुक वाटतं. नायट्रो हा रोलर कोस्टर बोलिगर अँड माबिलार्ड या नामांकित स्विस कंपनीचा. जगातल्या कुठल्याही पार्कच्या शेजारी मांडावं असं हे काम होतं.

पण अपेक्षेएवढे लोक आले नाहीत. 2014 मध्ये वॉटर पार्क जोडलं, 2015 मध्ये हॉटेल, 2016 मध्ये बर्फाचं दालन, म्हणजे एका दिवसाची सहल दोन दिवसांची व्हावी. 2015 मध्ये कंपनीने शेअर विकायला काढले तेव्हा ठरवलेली किंमत खाली आणावी लागली, आणि पुढे काही वर्षांत तो शेअर एक आकडी झाला. 2017 च्या जुलैत या तिकिटांवर 28 टक्के जीएसटी बसला. तो 18 वर यायला पुढचा जानेवारी उजाडला. चार जणांच्या कुटुंबाला असा एकेक टक्का जाणवतो. मग करोना. फाटकं बंद, यंत्रं उभी, कर्जाचं व्याज मात्र चालू.

2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने इमॅजिका ताब्यात घेतलं. गाय छाप जर्द्याचं हे घराणं पार्कच्या धंद्यात नवखं नव्हतं. लोणावळ्याला आणि शिर्डीला त्यांची वेट एन जॉय ही वॉटर पार्कं होती, आणि शिर्डीतच साईतीर्थ हे भक्तीवर बेतलेलं पार्क. इमॅजिकाने जे तंत्र डायनोसॉरसाठी आणि भुतांसाठी वापरलं, तसलंच इथे भक्तीसाठी वापरलं आहे: हलणाऱ्या-बोलणाऱ्या यंत्रमूर्तींतून उभी केलेली द्वारकामाई, लंकादहनाचा फाइव्ह-डी खेळ, बसल्या जागी तीर्थयात्रा घडवणारी गाडी. शिर्डीला दर्शनाला माणसं येतातच. दर्शन झाल्यावर मुलांना घेऊन काय करायचं, हा त्यांचा खरा प्रश्न. तो ओळखणाऱ्याला गर्दी ओढायला वेगळा खटाटोप करावा लागत नाही. खोपोलीला याच्या उलट, प्रत्येक माणसाला केवळ पार्कसाठी घराबाहेर पडावं लागतं.

गोराईतही बदल थांबला नव्हता. 2019 मध्ये एस्सेलवर्ल्डच्या आवारात पक्षी उद्यान उघडलं. पाळण्यांसाठी प्रसिद्ध झालेल्या जागेने यंत्राशिवायचं आकर्षण निवडावं, हे पुरेसं बोलकं आहे. तिकडे दिल्लीचं अप्पूघर 2008 मध्येच बंद पडलं होतं.

नव्या मालकांकडे आल्यावर इमॅजिका कंपनीने मालपाणींची शिर्डी-लोणावळ्याची पार्कंही आपल्यात घेतली आणि 2024 मध्ये सुरतला पाऊल टाकलं. तिथे तिने नायट्रोसारखा कोस्टर उभारला नाही. वॉटर पार्क उघडलं.