लोणारच्या हिरव्या काठावरची हालचाल

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले आणि बुलढाणा जिल्ह्यातले हे सरोवर घरोघरच्या मोबाईलवर जाऊन पोचले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खारट पाण्यात फोफावणारे हॅलोआर्किया हे त्या रंगाचे कारण निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर दर्जाही मिळाला. ती गुलाबी छटा मात्र पाहुणी होती. लोणारचा रोजचा रंग हिरवा, आणि तो देणाऱ्या जिवांकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

बेसाल्ट खडकात उल्कापाताने पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. तळाच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ साबणाच्या पाण्याइतका. अशा क्षारयुक्त पाण्यात आर्थ्रोस्पायरा सुखाने वाढतो. बाजारात ‘स्पिरुलिना’ म्हणून गोळ्या मिळतात, तो हाच. हा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नील-हरित जिवाणू. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे तंतू मळसूत्रासारखे पिळलेले दिसतात आणि सावकाश सरकतात. त्यांना पाय नाहीत, शेपटी नाही. इतर कित्येक जिवाणूंना पोहायला कशाभिका असतात. सायनोबॅक्टेरियांत त्या आढळत नाहीत. मग हे चालतात कसे?

उत्तर पेशीच्या बाहेर आहे. पेशी काही प्रथिने आत तयार करून भिंतीपलीकडे पाठवते, आणि हालचाल त्यांच्यावरच अवलंबून असते. सिनेकोसिस्टिस या गोल, एकपेशीय जातीत हे फार बारकाईने तपासले गेले आहे. पिलिन नावाचे प्रथिन आधी आतल्या पटलात येऊन थांबते. पिल-डी हे विकर त्याच्या टोकाचा छोटा तुकडा कापते. मग पिल-बी ऊर्जा खर्चून असे कण एकावर एक रचते आणि पेशीतून बारीक केस बाहेर येतो. केसाचे टोक पृष्ठभागाला चिकटले की पिल-टी तो पुन्हा आत ओढते आणि पेशी पुढे सरकते. गळ अडकवून दोर ओढावा, तसे. वेग मिनिटाला जेमतेम काही मायक्रोमीटर. पण दिशा चुकत नाही: २०१६ मध्ये दिसून आले, की गोल पेशी स्वतःच भिंगाचे काम करते. प्रकाश तिच्या पलीकडच्या कडेवर एकवटतो आणि ती त्या तेजस्वी ठिपक्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे उजेडाच्या दिशेने, निघते.

नॉस्टॉकसारख्या तंतुमय जातींत या केसांच्या जोडीला बुळबुळीत शर्कराही बाहेर टाकली जाते. तीच तंतूला सरकायला आधार देते आणि मागे राहून एकमेकांना बांधूनही ठेवते. काठावरच्या दगडावर पाय घसरतो, तो या चिकट थरावरून.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती सिनेकोकोकस एलॉन्गॅटसची गोष्ट. ही जात प्रयोगशाळेत एरवी पाण्यात सुटी राहते, काचेला चिकटत नाही. इस्रायलमधल्या बार-इलान विद्यापीठातील राकेफेत श्वार्झ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तिच्या प्रथिन-निर्यातीच्या यंत्रणेतला, पिल-बीसारखा एक भाग निकामी केला. पेशी लगेच थर करून काचेला बसू लागल्या. मग मूळ, निरोगी पेशींच्या जुन्या पाण्यात या उत्परिवर्तित पेशी वाढवल्या, तर त्या चिकटेनात! म्हणजे निरोगी पेशी ‘चिकटू नका’ असा काही पदार्थ बाहेर सोडत असतात. निर्यात बंद पडली की तो रोधक पाण्यात साठत नाही.

पण थर बसवायलाही निर्यात लागतेच. ‘ईबीएफजी’ गटाची छोटी प्रथिने पीटीईबी हा वाहक बाहेर काढतो. जाता जाता त्यांचा पुढचा भाग कापला जातो. त्या वाहकाचे जनुक काढून टाकले, की आधी थर करणाऱ्या पेशीही मोकळ्या पडतात. एक दरवाजा बंद ठेवून दुसरा उघडला, तरच थर जमतो.

तेव्हा लोणारच्या काठावरचे शेवाळ हा नुसता साठलेला मळ नव्हे. वर गाळ बसला, तर असे सरकते तंतू उजेडाच्या दिशेने गाळातून वर येतात, नवा थर विणतात. जुना खाली राहतो. थरावर थर असाच चढतो.